मूठभर मायक्रोग्रीन्स

३ जुलै, गुरुवार
वडूजच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट दाखवला. सात पूर्णांक नऊ. म्हणाले, तांबोळी, अजून गोळी सुरू करत नाही. मोड आलेली कडधान्यं खा, हिरवा पाला खा, रोज चाला. ऑक्टोबरात परत बघू. सातच्या आत यायला पाहिजे.

मी म्हणालो, डॉक्टर, औंधात माझं बी-बियाण्याचं आणि भुसाराचं दुकान आहे. बी रुजवणं आमच्या रक्तात आहे. सहाच्या आत आणून दाखवतो.

घरी बायकोने, जीनतने, लगेच निकाल दिला. नोव्हेंबरात झोयाचं लग्न. शुगर सातच्या वर आली तर बिर्याणीला हात लावायचा नाही. निकाहला नाही आणि सांगलीला वलीम्याच्या जेवणालाही नाही. एकुलती एक मुलगी. तिच्या सासरी व्याह्यांच्या शेजारी बसून मी ताक प्यायचं?

उद्यापासून सुरुवात.

५ जुलै
उद्याची सुरुवात आज केली. मटकीला मोड सुंदर. बी आमच्या दुकानच्या भुसारातलं, उगवण शंभर टक्के. कच्ची मटकी वाडगाभर खाल्ली. अंगात हलकेपणा जाणवतो.

५ जुलै, संध्याकाळ
हलकेपणा नव्हता, वायू होता. शेजारचे लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार, गप्पा मारायला आले होते. दोनदा उठून बाहेर जावं लागलं. तिसऱ्यांदा तेच उठून गेले.

११ जुलै
मालासाठी साताऱ्याला. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. विचार केला तर मिसळ म्हणजे मोड आलेली मटकीच. शिवाय शिजवलेली, त्यामुळे पोटाला सोपी. कट तीनदा मागून घेतला, कारण सगळी व्हिटॅमिन पाण्यात उतरतात. फरसाण आपोआप आलं. पाव दोनच.

दोनच म्हणजे आधीचे दोन सोडून.

२० जुलै
आयुष्य बदलणारा व्हिडिओ पाहिला. मायक्रोग्रीन्स! बी पेरायचं, रोप बोटभर झालं, पहिली पानं आली की कात्रीने कापायचं आणि खायचं. त्यातली मुलगी सांगते की मोठ्या भाजीपेक्षा या कोवळ्या पानांत पोषण कितीतरी पट. मी दहा पट धरतो. म्हणजे मूठभर मायक्रोग्रीन्स खाल्ले की दहा मुठी भाजी खाल्ली. एवढी भाजी खाणाऱ्या माणसाने वर दोन जिलब्या खाल्ल्या तर शुगरला पत्ताही लागणार नाही. डॉक्टरांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. शिकलेली माणसं, पण मोबाईल बघत नाहीत.

पुण्याहून ऑर्डर केली. ट्रे, कोकोपीट, स्प्रे, जांभळा एलईडी, आणि लाल माठ, जांभळा मुळा, ब्रोकोली यांचं बी. एक-एक किलो. जीनतने विचारलं, दुकान बियाण्याने भरलंय आणि बी पुण्याहून? मी समजावलं की आपल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते खायचं नसतं. तिने विचारलं, मग भुसाराच्या पोत्यातली मोहरी, मेथी? मी म्हणालो, तू समजून घ्यायलाच तयार नाहीस.

२३ जुलै
चालणं सुरू. यमाईच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्या रोज चढायच्या. पायथ्यापर्यंत स्कूटरवर गेलो. पायथ्याशी गरम भजी. आज एवढंच. शरीराला एकदम झटका देऊ नये.

३ ऑगस्ट
पहिला ट्रे. लाल माठ. तिसऱ्या दिवशी मुळाशी पांढरी लव दिसली. बुरशी! पूर्ण ट्रे उकिरड्यावर. आरोग्याच्या बाबतीत मी रिस्क घेत नाही.

४ ऑगस्ट
व्हिडिओ पुन्हा पाहिला. ती बुरशी नसते, मुळांचे केस असतात. धुतलं की बसतात. ही गोष्ट त्या मुलीने सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होती.

१२ ऑगस्ट
दुसरा ट्रे. ब्रोकोली. पुन्हा पांढरी लव. यावेळी फसलो नाही. मुळांचे केस, म्हणून दोन दिवस कौतुकाने स्प्रे मारला. झोयाने वास घेतला आणि म्हणाली, अब्बा, केसांना वास येतो का? जीनतने ट्रे काठीने ढकलत बाहेर नेला.

यावेळी बुरशीच होती. हवेचा दोष. औंधची हवा ब्रोकोलीला मानवत नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर जिलबी. पुढच्या आठवड्यात खाणार असलेल्या मायक्रोग्रीन्सच्या हिशोबात धरली.

२४ ऑगस्ट
यश! तिसरा ट्रे. मेथी, आपल्याच पोत्यातली. (प्रयोगासाठी. जीनतच्या म्हणण्याचा संबंध नाही.) हिरवागार, दाट, बोटभर. शेवटचं ऊन मिळावं म्हणून अंगणात ठेवला आणि कात्री आणायला आत गेलो.

बाहेर आलो तर आमची शेळी, राणी, ट्रे चाटत होती.

मायक्रोग्रीन्स चविष्ट असतात हे सिद्ध झालं.

२ सप्टेंबर
राणीचे केस चमकायला लागलेत. दूध वाढलं. जीनत म्हणते, डॉक्टरांनी शेळीचा रिपोर्ट काढला तर सहाच्या आत येईल. मी हसलो नाही. झोया हसली. ती या घरात आता दोनच महिने हसणार आहे, म्हणून हसू दिलं. तिनेच जवळ येऊन सांगितलं, अब्बा, बिर्याणी राहू दे, तुम्ही धड राहा. दादाजानचा पाय आठवतो ना? माझ्या वडिलांचा पाय शुगरनेच गेला. मला आठवतो. उठून हलवायाच्या दुकानात गेलो आणि मन हलकं करायला एक पेढा खाल्ला.

१५ सप्टेंबर
नवरात्र आलं. औंधातल्या निम्म्या घरांच्या घटाचं धान्य आमच्या दुकानातून जातं. आजोबांपासून. गहू, ज्वारी, मूग असं सात प्रकारचं बी पुडीत बांधून द्यायचं. बायका शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरतात, मधे घट बसवतात, भोवती हे बी पेरतात. दसऱ्यापर्यंत वीतभर रोपं. ज्याचा घट दाट उगवला त्याला वर्ष चांगलं जातं म्हणतात. म्हणून बी आमच्याकडचंच लागतं.

आज पुड्या बांधता बांधता एकदम लक्षात आलं. घट म्हणजे मायक्रोग्रीन्सच की! गावात घरोघरी शेती तयार आहे, फक्त व्हरायटी जुनी आहे. आणि माझ्याकडे लाल माठ आणि जांभळा मुळा जवळजवळ किलो-किलो पडून. जीनत रोज विचारते, हे कधी हलवणार?

प्रत्येक पुडीत चमचा-चमचा मिसळलं. कोणाला काही सांगितलं नाही. गावाचं आरोग्य सुधारलं की आपोआप कळेल.

१६ सप्टेंबर
जीनतला योजना सांगितली. तिने एवढंच विचारलं, घट कुणी खातं का?

याचा विचार झाला नव्हता. पुड्या बऱ्याचशा गेल्या होत्या.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले.

२६ सप्टेंबर
सकाळी लालासाहेबांच्या चंद्राबाई दुकानात. चेहरा गंभीर. म्हणाल्या, “आवं याकूबभाई, घट लाल उगावलाय! माझ्या सासूच्या काळापासनं असं कवा बगितलं न्हाई. काय चुकलं म्हनायचं आमचं?”

मी म्हणालो, बघू, बघू. आणि मागच्या गोदामात जाऊन पोत्यावर बसलो.

२७ सप्टेंबर
सगळ्या पेठेत लाल घट. चौकात तोच विषय. कोणी म्हणतं देवी कोपली. कोणी म्हणतं यंदा डाळिंबाला भाव. लालासाहेब मिलिटरीतले, ते म्हणाले, “लाल म्हंजे डेंजर गड्या. बॉर्डरवर कायतरी होनार.”

जेवण गेलं नाही. खरंच गेलं नाही. तीन पिढ्या लोकांनी डोळे मिटून बी नेलं. कोणाच्या देव्हाऱ्यात आपण भाजी पेरली हे कळलं तर पुढच्या साली पुडी न्यायला कोण येईल? आणि चंद्राबाई उपास धरून, आपलं काय चुकलं म्हणत बसल्या आहेत. ते जास्त लागलं.

जीनत म्हणाली, जाऊन सांगा. मी म्हणालो, योग्य वेळ बघतो.

२८ सप्टेंबर
वेळ योग्य नव्हती. जीनतने स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि चपला पुढ्यात ठेवल्या. गेलो. चंद्राबाईंना सगळं सांगितलं. पुणं, ट्रे, शुगर, शेळी, सगळं. त्यांनी एक लाल रोप चिमटीत धरून निरखलं आणि एवढ्या मोठ्यांदा हसल्या की लालासाहेब बाहेर आले. “माठ व्हय ह्यो! आन् मी तीन दिस देवीची माफी मागतीय! पर याकूबभाई, खरं सांगू? लय देखना दिसतोय घट. फुडच्या साली बी असाच द्या.”

लालासाहेबांनी बॉर्डरची बातमी मागे घेतली.

मला हे आधीपासून वाटतच होतं. लोकांना नवीन व्हरायटी पाहिजे असते, कोणीतरी धाडस करावं लागतं.

२ ऑक्टोबर, दसरा
घट उठले. दरवर्षीसारखा चंद्राबाईंनी घटाचा तुरा आणून माझ्या टोपीत खोवला. यंदा हिरवा-पिवळा आणि खाली लाल झालर. चौकात प्रत्येकाच्या टोपीत, फेट्यात तोच. चार-पाच बायकांनी पुढच्या वर्षीची पुडी सांगून ठेवली. काळी माती, पत्रावळ, वर रोज तांब्यातलं पाणी. ना एलईडी, ना स्प्रे. एकाही घराला बुरशी नाही.

त्यांच्या घरांत हवा वेगळी असणार.

सोनं वाटायला आलेल्यांनी पेढे आणले. सण आहे, नाही म्हणता येत नाही.

४ ऑक्टोबर
आठ पूर्णांक चार.

मशीन जुनं असावं असं मी म्हणालो. डॉक्टरांनी विचारलं, मायक्रोग्रीन्स खातो असं फोनवर म्हणाला होतात, किती खाल्ले? मी आठवायला लागलो. पहिला ट्रे उकिरड्यावर. दुसरा जीनतने काढला. तिसरा राणीने. बाकीचं बी घटात.

जीनत शेजारीच बसली होती. म्हणाली, डॉक्टर, यांनी एकही पान खाल्लेलं नाही. फक्त त्यांच्या नावाने जिलब्या खाल्ल्या.

गोळी सुरू. सकाळ-संध्याकाळ. बिर्याणी बंद.

९ नोव्हेंबर, रविवार, सांगली
काल निकाह झाला. झोया गेली. गाडीत बसताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, अब्बा, गोळी चुकवू नका. मी सर्वांसमोर रडलो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आज वलीमा. दुपारी व्याह्यांच्या शेजारी बसवलं. मोठा मान. बिर्याणीच्या देगेचं झाकण उघडलं, वासाने अख्खा हॉल भरला. जीनत समोरच्या रांगेतून बघत होती. माझा बेत असा होता की व्याह्यांनी आग्रह केला तर मोडायचा नाही. नवं नातं असतं.

व्याह्यांनी आग्रह केला. म्हणाले, झोयाने आम्हाला सगळं सांगितलंय, तुमच्यासाठी खास सोय आहे. झोया स्वतः ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, मोडाच्या मुगाची उसळ आणि मधोमध लाल-हिरव्या कोवळ्या पानांचा डोंगर, वर लिंबू पिळलेलं. तिच्या सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत, जुन्या परातीत पिकवलं होतं. व्याही अभिमानाने सांगत होते, दहा दिवसांत आलं, एक दाणा वाया गेला नाही. सगळे बघत होते. झोया तर बघतच होती.

सगळं खाल्लं. चव माठासारखीच, पण वाईट नाही.

हात धुताना झोयाच्या सासूबाईंना विचारलं, बी कुठून आणलं? त्या म्हणाल्या, झोयाने सप्टेंबरात घटाची एक पुडी पाठवली होती. रिकामी पुडी अजून पिशवीत होती, काढून दाखवली. तांबोळी, बी-बियाणे व भुसार, औंध.

उगवण शंभर टक्के.