मुकादम आणि शिपाई

२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बोटीवरून ह्यांचं पत्र आलं, उन्हाळ्याआधी येणं नाही असं कळवतात. ठकीने मात्र घर डोक्यावर घेतलंय. शाळेच्या वाटेवरच्या प्राण्यांच्या दुकानात जर्बिल आहेत, ती तिला हवीत. मी म्हटलं, उंदीर पकडायचे असतात, पाळायचे नसतात. त्यावर, ते उंदीर नाहीतच, वाळवंटातले पाहुणे आहेत, असं मलाच ऐकवलं.

पण ताई, वडील लांब, मी दिवसभर छापखान्यात पुस्तकांचं बाइंडिंग करत बसलेली, आणि पोर शाळेतून येऊन एकटीच भिंतींकडे बघत बसते. म्हणून वाटतं, घ्यावीत. तू जनावरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढलीस, तेव्हा काय बघून घ्यायचं ते सविस्तर लिही. आमची खोली एकच, हे लक्षात असू दे.

तुझा लोभ आहेच, तो पत्रातून पोचता कर.

तुझी धाकटी

---

१० नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

ठकीचा हट्ट तुझ्यावरच गेलाय, तेव्हा तक्रार करू नकोस. जर्बिल एकटं कधी आणायचं नाही. एकटं पडलं की खात नाही, झुरतं. एकाच वेतातले दोन भाऊ घे. अनोळखी दोघं एकत्र टाकलीस तर एकमेकांचा जीव घेतील. हात आत घातल्यावर हुंगायला पुढे येईल ते निवड. कोपऱ्यात मुकाट बसलेलं गरीब वाटतं, पण बहुधा ते आजारी असतं. शेपटीला धरून उचलू नये, कातडी सोलून हातात येते. हे ठकीला आधी सांग.

प्लॅस्टिकचं घर कुरतडतील, म्हणून काचेची टाकी आणि वर जाळी. बिळं खणायला कागदाची कात्रणं भरपूर घाल, तुला त्यांचा काय तोटा! अंघोळीला पाणी नको, वाटीत बारीक वाळू ठेव. सूर्यफुलाच्या बिया लाडापुरत्याच. आणि गार वाऱ्याचा झोत त्यांच्या अंगावर येता कामा नये, नाहीतर हातची जातील. भ्याली की मागचे पाय आपटतात. ती त्यांची दवंडी समज.

ठकीला पापा. स्वतःची काळजी घे, सगळी माझ्यावर ढकलू नकोस.

तुझी ताई

---

२८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पाहुणे आले. थोरला सारखा कात्रणं इकडची तिकडे करवतो म्हणून तो मुकादम, धाकटा ती निमूट वाहतो म्हणून शिपाई. दुकानदार कंटाळेपर्यंत ठकीने प्रत्येकाला हुंगायला लावलं. आता शाळेतून धावत घरी येते. किती दिवसांनी तिला हसताना ऐकलं गं.

टाकी तिच्या खाटेजवळच्या फळीवर ठेवली, तर वरच्या झरोक्यातून गार हवा नेमकी तिथेच. मग काय, जित्याची खोड! जाड पुठ्ठा मापात कापला, झरोक्यावर सरसाने बसवला, कडेने कापडी पट्टी ओढली. खिडकीच्या फटीही खळ लावून कागदाने मढवल्या. आता मुंगीही आत यायची नाही. घरमालकीणबाई बघायला आल्या, त्यांनीही कौतुक केलं.

लोभ आहे तसाच राहो.

तुझी धाकटी

---

६ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

वाऱ्याचा बंदोबस्त केलास, उत्तम. तुझ्या हाताखाली सापडलेलं काही सुटत नाही हे मला जुनं ठाऊक आहे. लहानपणी माझी वेणी खुर्चीला चिकटवली होतीस, शेवटी कापावी लागली.

मुकादम पाय आपटतो का, ते लिहिलं नाहीस. नव्या जागी थोडं आपटतात. पण थांबलंच नाही तर कशाला भितात ते शोध.

पत्राला उशीर करू नकोस, इकडे जीव टांगणीला लागतो.

तुझी ताई

---

१७ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

थंडी कडक पडली. घरमालकांनी गेल्या आठवड्यात गॅसची शेगडी जोडून दिली, तेव्हापासून खोली झकास तापते. तू विचारलंस म्हणून लिहिते. शेगडी पेटवली की मुकादम धाडधाड पाय आपटायचा. आता आपटत नाही, सवय झाली असावी. दोघं बिळाबाहेर लोळत असतात, बी पुढे केली तरी उठत नाहीत. खाऊन सुस्तावलेत मेले.

ठकीचीही नाटकं चालू आहेत. शाळेत ठणठणीत, घरी आली की डोकं दुखतं आणि वहीवरच झोपते. मी चांगली रागावले. पण खरं सांगू, माझंही डोकं जड आहे, मळमळतं. आज कामावर गेले नाही. दार लावून शेगडीजवळ पांघरूण घेऊन बसले, तरी बरं वाटत नाही. मुकादम आता पाय आपटत नाही, हे लिहिलं का मी? अक्षर वाकडं येतंय. पाकीट ठकी टाकेल. बाकी मग

---

तार, २० डिसेंबर

शेगडी विझव. झरोक्याचा पुठ्ठा फोड. ठकीला घेऊन ताबडतोब बाहेर पड. खोलीत विषारी वायू साठतोय. ताई.

---

२१ डिसेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

मालकीणबाईंनी तुला तार केली आहे, पण तारेत सगळं मावत नाही म्हणून मी लिहिते.

तुझी तार काल मला जिन्यातच मिळाली. मी शाळेतून येत होते. आई शेगडीपाशी झोपली होती. हलवलं तरी उठेना. तिचे गाल लाल होते, म्हणून मला वाटलं ती आज बरी आहे. मग तुझी तार मोठ्याने वाचून दाखवली, तरी उठली नाही. तू लिहिलंस तसं केलं. शेगडी बंद केली. खुर्चीवर चढून आईच्या हातोडीने पुठ्ठ्यावर मारलं, पण तो फाटेना. आईने फार छान चिकटवलाय. म्हणून मी खिडकीची काच फोडली. आईला बाहेर ओढलं, पण उंबऱ्यापर्यंतच जमलं. काचेच्या आवाजाने मालकीणबाई वर आल्या.

आईला गाडीतून नेलं. श्वास चालू आहे, पण तिने अजून डोळे उघडलेले नाहीत. बाबांच्या बोटीवरही कळवलंय. मला आईपाशी जाऊ देत नाहीत. मला खूप भीती वाटते. खिडकीबद्दल ती रागावणार नाही ना?

शिपाई वाळूच्या वाटीत मेला. मुकादमाला मी खाली मालकीणबाईंकडे आणलंय. तो खात नाही. एकटं पडलं की झुरतं, असं तूच लिहिलं होतंस. दुसरा आणून टाकला तर एकमेकांना मारतील, हेही तूच लिहिलं होतंस. मग आता काय करायचं? ते पत्राने कळवू नकोस. पत्राला फार दिवस लागतात. तूच ये.

तुझी ठकी