तोप्पूरच्या घाटातला टेका

सेलम,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना दीपमालेचा वाकून नमस्कार. आईलाही.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्ही सगळ्याला व्हय व्हय म्हणता आणि मग मी काय बोलले ते आईला विचारता. एसटीच्या इंजिनानं तुमचे कान खाल्ले, त्याला माझा काय इलाज! आमच्या कंपनीचा सुदर्शन सुताचा माल घेऊन वाळूजला निघालाय, त्याच्याकडं हे देते.

मी मजेत आहे. चौदा चाकांची गाडी आता माझं ऐकते. परवा एका ढाब्यावर मालकानं विचारलं की ड्रायव्हर कुठंय. मी सांगितलं की तो हात धुतोय. मग जाऊन हात धुतले आणि जेवायला बसले. त्याचं तोंड माझा भात संपेपर्यंत उघडंच होतं.

एक किरकोळ बातमी. तोप्पूरच्या घाटात मागच्या नारळाच्या गाडीनं जरासा टेका दिला. मागचा बंपर थोडा दबला, बाकी काही नाही. त्या ड्रायव्हरनं चहा पाजला आणि पोतंभर नारळ दिले, ते सुदर्शनबरोबर पाठवतेय. आईला चटणी करायला सांगा. बिडकीनच्या स्थळाला ती मी ट्रान्सपोर्टात आहे एवढंच सांगतेय ना? सांगू दे. खोटं नाही ते.

माया असू द्या, चौकशा कमी करा.

तुमची
दीपमाला


पडेगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपमालेस आप्पाचा आशीर्वाद. तुझ्या ट्रकवरचा आईचा राग सोडला तर इकडं सगळं खुशाल.

नारळ पोचले, आणि त्यांनीच घोळ केला. मागून ठोकणारा माणूस शिव्या देतो, नायतर पळून जातो. पोतंभर नारळ कुणी देत नाय. म्हणून सुदर्शनला जेवायला बसवलं आणि विचारलं की बंपर कोणत्या कोपऱ्याला दबलाय. तो म्हणाला, कोपरा नाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. पुढं त्याला भाकरी वाढायचीच राहिली.

पोरी, ठोकर एका बाजूला बसते. बंपर सारखा दबला म्हणजे मागची गाडी कुणीतरी जाणूनबुजून अंगावर घेतली. कन्नडच्या घाटात एसटी चालवून मी म्हातारा झालो, मला काय बनवतेस? असला अगोचरपणा पुन्हा केलास तर लायसन काढून ठेवीन. खरं काय ते लिही. आणि गिअर कितवा होता तेही लिही. उतारावर गिअर खालचाच पाहिजे, चौथा असला तर घरी येऊ नको.

येत्या रविवारी पाव्हणे येणार. मुलगा शिवराज बिडकीनला सुपरवायझर आहे, सोबत त्याचे मामा नानासाहेब. तुझ्या आईनं त्यांना तू ट्रान्सपोर्टच्या हापिसात बसतेस असं सांगून टाकलंय. मी गप्प बसलो. घाटाचं तिला अजून कळलेलं नाय. ते गुपित माझ्याकडं आहे, काळजी नको.

आप्पावर जीव असू दे, आणि ब्रेकवर पाय.

तुझा
आप्पा


होसूर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना कानाला हात लावून नमस्कार.

हे पत्र कृपा करून मनातल्या मनात वाचा.

मी उतारावर होते. मागून हॉर्न थांबेचना. आरशात पाहिलं तर नारळाची गाडी, आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून पंचा हलवतोय. ब्रेक गेले होते. मला बाजूला व्हायला जागा होती. आप्पा, मी गाडी थोडी बाजूला घेतलीसुद्धा होती. पण माझ्या पुढं एक टेम्पो चालला होता, मागं बायका बसलेल्या, डोक्यात हे मोठे गजरे, कुठल्यातरी लग्नाला निघाल्या असतील. मी परत मधे आले. त्याच्या वेगाला वेग जुळवला, तो हळूच टेकला, आणि मग ब्रेक थोडा थोडा दाबत दोघांना थांबवलं. टेकला तेव्हा चौथा, मग तिसरा, थांबलो तेव्हा दुसरा. म्हणजे चौथा होताच. घरी येऊ की नको, ते कळवा.

थांबल्यावर माझ्या हातातून स्टिअरिंग सुटेना. तो माणूस दार उघडून वर चढला, मला बघून अक्का म्हणाला आणि उतरून रस्त्यातच बसला. मला तमीळ येत नाही, त्याला मराठी. दोघंही रडलो, मग तो हसायला लागला तशी मीही. गजरेवाल्या बायका पुढं निघून गेल्या, त्यांना काही कळलंच नाही.

चहा पिताना पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं सोडावं आणि त्या शिवराजच्या घरी चपात्या लाटाव्यात. चहा संपला. गाडी सुरू केली तर ती नेहमीसारखी खोकली, आणि मला तिला सोडवेना.

रागवा, पण थोडंच.

तुमची
दीपमाला


पडेगाव,
१८ नोव्हेंबर २०२५

दीपे, आशीर्वाद. हा आप्पाचा नाय, माझा आहे.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

रविवारी पाव्हणे बसलेले, तेवढ्यात वाळूजहून एकजण तुझं पत्र देऊन गेला. आप्पा आतल्या खोलीत गेले आणि मनातल्या मनात वाचायला लागले. त्यांचं मनातल्या मनात कसं असतं, ठाऊक नाय का तुला? दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. ब्रेक गेले होते, इथून पुढं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नानासाहेबांचा पोह्याचा चमचा हवेत. शिवराज मात्र पुढं सरकून ऐकत होता. पत्रातलं ते चपात्या लाटायचं आलं तेव्हा मी पदर तोंडावर घेतला.

नानासाहेब म्हणाले, आम्हाला तर हापिसात बसते असं सांगितलं होतं. ट्रक हाणणारी सून आमच्यात चालायची नाय, लग्नाआधी सोडणार असेल तर बघू. दीपे, मी वर्षभर तुला तेच सांगत होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला लई राग आला. मी म्हणाले की खोटं मी बोलले, पोरगी नाय. ती हापिसात बसत नाय, गाडीत बसते, आणि तिथंच बसणार. पोहे गार होतायत, खाऊन घ्या. त्यांनी खाल्ले, सगळे खाल्ले, आणि उठले. शिवराजनं जाता जाता आप्पाला विचारलं की अशा वेळी हँडब्रेक का ओढायचा नाय. आप्पाला तेवढंच पाहिजे होतं. मामा बाहेर जीपचा हॉर्न वाजवून दमले. पोरगा वाईट नाय, पुढचं तुझं तू बघ.

मी खूश आहे असं मात्र समजू नको. डोळा लागला की तीच गाडी दिसते. त्या बायका लग्नात जेवल्या असतील, फोटो काढले असतील. तुझं काही झालं असतं तर त्यांना कळलंसुद्धा नसतं. हे मी कुणाला बोलू?

म्हणून काल वाळूजला तुझ्या म्यानेजरला गाठलं. घरच्या एका माणसाला एका फेरीला नेता येतं, असं तो म्हणाला. आप्पाचं नाव दिलं नाय, ते स्टिअरिंगला हात घालतील. माझं दिलं. तू कशात बसतेस, कुठनं जातेस, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मी काही बोलणार नाय. फार बोलणार नाय. भाकऱ्या आणि ठेचा मी घेते, पाण्याचं तू बघ.

माया आहेच, ती काय लिहायची. घाट आला आणि मला डुलकी लागली असली, तर उठव.

तुझी आई
दगडाबाई