स्थळ: पनवेल

बाजारपेठ, पनवेल
१४ डिसेंबर २००५

आदरणीय झुबेरभाई,

अस्सलामु अलैकुम. अम्मी अल्लाच्या मेहेरबानीने ठणठणीत आहे (दिवसभर मला ओरडते, त्यावरून कळतं). तुमचा गुडघा कसा आहे? कुवेतला हे पत्र मिळालं की बसूनच वाचा. फोन मुद्दाम केला नाही, फोनवर तुम्ही मध्येच भडकता.

तर, गावात म्युझियम बांधायचं ठरलं. अध्यक्ष शशिकलाबाई (त्याच, भूगोलाच्या तासाला तुम्हाला बाकावर उभं करणाऱ्या), आणि मी सदस्य, कारण मीटिंगचा चहा माझ्या हॉटेलातून जातो. वीरगळ, गलबताचा नांगर, चिरनेरच्या सत्याग्रहाचे फोटो, सगळं बाईंच्या न्हाणीघरात रचलंय आणि बाई शेजारी आंघोळीला जातात. नवीन पनवेलला जागा बघू म्हटलं तर बाई कडाडल्या, सेक्टरात कसला आलाय इतिहास! जागा भर बाजारातच हवी. आता बाजारातला जो कोपरा बघावा तो गणपतीच्या मांडवासाठी राखलेला. एक मोकळा सापडला, तिथे मच्छीवाली जनी. म्हणते, "तुमचे दगड इतकी वरसं पडलेत, आजून पडतील. माजी कोलंबी थांबायची नाय." समिती आल्या पावली परत फिरली (मी अर्धा किलो घेऊन आलो).

आपल्याकडची रीत तुम्ही विसरला नसाल. आधी पाहुणा, मग मुहूर्त, मग पत्रिका, बाकीचं होतंय हळूहळू. मुंबईच्या मोठ्या साहेबांची तारीख मिळाली, पत्रिका वाटून झाल्या: भूमिपूजन सकाळी अकरा, स्थळ: पनवेल. एवढंच! जो तो समजला, जागेचं दुसऱ्याने बघितलं असेल. साहेब गाडीतून उतरले, बँड सुरू झाला, भटजी नारळ घेऊन तयार, आणि भूमीचाच पत्ता नाही. साहेब विचारतात, कुठे जायचं? बाई भर रस्त्यात मान खाली घालून उभ्या. मला खरंच बघवेना हो, भाई. तोंडातून निघून गेलं, "या साहेब, इकडून या."

इकडे म्हणजे तुमच्या गोडाऊनकडे. तेच, जिथे परत येऊन टाइल्सचं दुकान टाकायचं तुम्ही दर ईदला पुढच्या वर्षावर ढकलता. वाटलं, अंगणात नारळ फुटेल, साहेब जातील. पण साहेबांना हौस दांडगी! कुदळ अशी हाणली की तुमचा नळ फुटला. पाणी उडालं, भटजी म्हणाले शुभशकुन, आणि भाषणात तुमच्या दिलदारपणाबद्दल बोलताना बाईंना रडू आलं.

घाबरू नका, अजून काहीच पक्कं नाही.

तुमचा धाकटा भाऊ,
मुश्ताक

ता. क. फक्त वीरगळ आणि नांगर आत नेऊन ठेवलेत. बाईंना स्वतःच्या घरी आंघोळ करता यावी, म्हणून.

ता. क. फाटकावर तुमच्या नावाने म्युझियमची पाटी लागली आहे. ऑइलपेंट आहे, पुसत नाही.

ता. क. जागा द्यायची नसेल तर समिती मुकाट परत करेल. अट एकच, झुबेरने समोर उभं राहून नाही म्हणायचं. फोन चालणार नाही. तेव्हा भांडायला का होईना, बकरी ईदच्या आत या.

शेवटचा ता. क. फाटकाला कुलूप होतं आणि चावी तुम्ही माझ्याकडे कधी दिलीच नव्हती. मी गर्दीत मागे वळून बघतो तर अम्मी चावी हातात धरूनच उभी. वरची अट कुणी सुचवली तेही लिहिलं असतं, पण ती शेजारी बसून हे पत्र ऐकतेय.