साडेसत्तावीस गुणांची पैज

ती. इमोजीनताईस,

धाकट्या आणि सध्या वाळीत टाकलेल्या भावाचा, वेंडेलचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर आता तू काठीशिवाय चर्चपर्यंत चालत जातेस, असं आपल्या गल्लीत टपाल टाकणाऱ्या बाईकडून कळलं. (तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, त्यामुळे बहिणीची खुशाली मला टपालखात्याकडून घ्यावी लागते.) मी तुझ्या पायरीवर ठेवलेली पीचच्या मुरंब्याची बरणी अजून पायरीवरच आहे, हेही तिनंच सांगितलं. राग माझ्यावर आहे तर मुरंब्याला उन्हात का ठेवतेस? माझी तब्येत ठीक. भूक लागत नाही, पण खातो.

आता मुद्द्याचं. त्या शनिवारी टीव्हीवर तू जे पाहिलंस ते खरं आहे. तुझ्या मुलानं, फुटबॉल संघात चार वर्षं बाकावर बसलेल्या कोल्बीनं, चेंडू हातात घेऊन शेवटची रेषा ओलांडली, आयुष्यातला पहिला टचडाउन केला. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं, आणि त्या गर्दीत एकच माणूस टोपीत तोंड खुपसून बसला होता. खाली अक्षरं आली, 'खेळाडूचे मामा'. त्याच्या आधी काही सेकंद तोच माणूस दोन्ही हात खाली दाबत 'बस, बस, गुडघा टेक!' असं ओरडत होता, तेही दाखवलं, आणि सावकाश दाखवलं. मी नाकारत नाही. नाकारण्यासारखं असतं तर त्याच संध्याकाळी नाकारलं असतं. पण कॅमेऱ्याला मागचंपुढचं काही ठाऊक नसतं, म्हणून हे पत्र.

फेरेल न्हाव्याच्या दुकानात शनिवारी सकाळी काय चालतं हे तुला माहीत नाही, कारण तिथे बायका येत नाहीत आणि आम्ही घरी सांगत नाही. फेरेल आपल्या चर्चचा डीकन, पाळकसाहेबांचा उजवा हात. जुगार पाप, हे तो मनापासून मानतो. त्यामुळे त्याच्या दुकानात पैसा लावायला सक्त मनाई आहे, वस्तू लावायच्या. (पाळकसाहेबांचंही याला काही म्हणणं नाही. परवा ते गवत कापत होते ते यंत्र मी दोन वर्षांपूर्वी हरलेलं, ओळखलं मी.) माझी लाकूड कापायची करवत तिथेच गेली. चरबीचा डाग पडलेली ती शेगडी तिथूनच आली, सेलमधून नाही. आज सगळंच कबूल करतोय तर हेही घे.

नुसतं कोण जिंकणार यावर पैज लागत नाही, कारण ते सगळ्यांनाच माहीत असतं. आपल्या ओकहेवनसारखं मोठं विद्यापीठ मोसमाच्या सुरुवातीला पाइन लेव्हलसारख्या एखाद्या चिमुकल्या कॉलेजला चांगले पैसे देऊन मार खायला बोलावतं. ती पोरं पाच तास बसमध्ये बसून येतात, मार खातात, आणि त्या पैशांत त्यांच्याकडे बँडचे नवे गणवेश होतात. म्हणून पेपरात एक आकडा छापून येतो. या वेळी साडेसत्तावीस होता. म्हणजे पाइन लेव्हलला आधीच साडेसत्तावीस गुण दिलेले समजायचे. ते सत्तावीसनं किंवा त्याहून कमीनं हरले, तर त्यांच्या बाजूनं लावणारा जिंकला. अठ्ठावीसनं हरले, की गेला. मी पाइन लेव्हलच्या बाजूनं लावलं. ओकहेवन हरावं असं माझ्या मनातही नव्हतं, बाबांची शपथ. फक्त त्यांनी बेतानं जिंकावं, एवढीच इच्छा. फेरेलनं समोर त्याची मासेमारीची होडी लावली. मी बाबांची स्टेडियममधली जागा लावली.

हो, तीच. लाकडी बाकं होती तेव्हापासूनची.

हिशेब पक्का होता. आपले कोच हॅस्क्यू जुन्या वळणाचे. पाहुण्याला घरी बोलावून त्याची इज्जत काढायची नाही, हा त्यांचा नियम. शेवटच्या पंधरा मिनिटांत ते मुख्य पोरं बाहेर काढतात आणि बाकावरची आत पाठवतात. ती पोरं चेंडू पोटाशी धरून दोन पावलं जातात, पडतात किंवा गुडघा टेकतात, डाव तिथेच थांबतो, घड्याळ पुढे सरकतं, आणि सगळे घरी जातात. नेमकं तसंच चाललं होतं. अडतीस विरुद्ध चौदा. चोवीसचा फरक, सहा मिनिटं बाकी. मी मनातल्या मनात होडीला रंगसुद्धा ठरवला होता. शेजारच्या बाईनं दिलेले उकडलेले शेंगदाणे खात होतो. आणि लाउडस्पीकरवर एकोणचाळीस नंबर पुकारला.

तो नंबर कोणाचा हे कळायला मला एक क्षण लागला. ताई, चार वर्षांत तो नंबर पुकारलेला मी ऐकलाच नव्हता. मग मी उभा राहिलो, खरंच आनंदानं उभा राहिलो. कोल्बीला चेंडू मिळाला. दोन पावलं गेला. आता पडेल म्हणून मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर तो पडला नाही. एकानं त्याचा शर्ट धरला, तो निसटला. दुसरा अंगावर आला, त्याला चुकवून तो कडेनं सुटला, आणि पुढे सगळं मैदान मोकळं. तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते तू ऐकलंस. टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक, पंचेचाळीस विरुद्ध चौदा. एकतीस.

होडी गेली, जागा गेली, याचं दुःख दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना (घरीच, फेरेलकडे जायची सोय राहिली नाही) एक गोष्ट लक्षात आली, आणि वस्तरा हातातच राहिला. माझा तो पक्का हिशेब कशावर उभा होता? पाइन लेव्हल चांगली खेळेल यावर नव्हता. बाकावरची पोरं आत येतील आणि काही करू शकणार नाहीत, यावर होता. त्या बाकावर कोल्बी बसतो हे मला माहीत होतं. चार वर्षं तो पहाटे पाचला उठून सरावात बड्या खेळाडूंचे धक्के अंगावर घ्यायला जातो, शिष्यवृत्ती नाही, वर्तमानपत्रात नाव नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. तरी हिशेब करताना मी त्याला धरलंच नाही. तो काही करणार नाही, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की ते मनात यायचीसुद्धा गरज पडली नाही. तुला राग माझ्या ओरडण्याचा आला असेल. ओरडणं सेकंदाचं होतं. मला लाज त्या दिवशीच्या सकाळची वाटते, जेव्हा मी शांत डोक्यानं तुझ्या मुलावर पैज लावली, त्याच्या विरुद्ध.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. गुडघ्याला शेक देत जा, आणि जिना टाळ.

तुझा,
वेंडेल

ता. क. वर 'जागा' लिहिलंय ते 'जागा दोन' असं वाचावं. तुझीही होती. शेजारशेजारच्या असल्यामुळे फेरेल एक घ्यायला तयार नव्हता. गेल्या शनिवारी तो बायकोला घेऊन तिथे बसला होता, गादी घेऊन.

ता. क. दुसरा. नोव्हेंबरातल्या शेवटच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईवडिलांसोबत मैदानावर चालवत नेतात आणि नाव पुकारतात. रॉस भावोजी गेल्यापासून असं ठरलं होतं की कोल्बीच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी. तू कॉलेजच्या ऑफिसात फोन करून माझं नाव काढायला सांगितलंस, असं कळलं. (टपालवाली बाई.) ते परत घालशील का? त्या दिवशी बसायला जागा तर तशीही आपल्याला नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं. आज कोल्बी आला होता, माझ्या छपराची पन्हाळी साफ करायला. मी शिडीखाली उभा राहून माफी मागितली, सगळं सांगितलं. तो वरून पानं खाली टाकत हसत म्हणाला, "सोड ना, मामा. तुझ्या जागी असतो तर मीही तिकडेच लावलं असतं."

ताई, तो थट्टा करत नव्हता. स्वतःला असं मोजायला तो कुणाकडून शिकला, हे मला माहीत आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्या दिवशी मला त्याच्या बाजूला चालू दे.