वाऱ्याविरुद्ध मार्करव्हिलपर्यंत

२ मे

मार्करव्हिलहून फोन. गोठलेली जमीन वितळली, आता खणता येईल. शनिवारी, सोळा तारखेला, हाल्डोरच्या अस्थी त्याच्या आईशेजारी ठेवायच्या. जानेवारीपासून पेटी कपाटात आहे, त्याच्या स्वेटरांखाली.

बायको म्हणून मीच नेणार त्याला. त्याच्याच विजेच्या गाडीतून.

३ मे

बाल्डुर आला. हाल्डोरचा थोरला भाऊ — विनिपेगहून, न कळवता, नेहमीसारखा. कॉफी होईपर्यंत मासळीबद्दल बोलला. मग मुद्द्यावर आला. त्याच्या नव्या ट्रकमधून आपण तिघं जाऊ म्हणाला. तिघं! पेटी धरून.

त्याचा ट्रक चालतो बॅटरीवर, पण बॅटरी उतरली की पोटातलं छोटं पेट्रोल इंजिन वीज करून देतं. कुठे थांबायचं याचा विचारच नको.

"थोरा, चौदाशे किलोमीटर आहेत. तुझा तो चाकांवरचा फ्रिज पोचायचा नाही."

पोचेल, म्हटलं.

"पोचेल गं. पण तोवर परत बर्फ पडेल."

चार वर्षं तो हेच हाल्डोरला ऐकवत आला. ख्रिसमसला, लग्नांत, दवाखान्यातसुद्धा. हाल्डोर वाद घालायचा नाही. बशी उचलायचा, विसळायचा. मीही आज तेच केलं. बाल्डुर गेल्यावर दार आपटलं — दुःखाने नाही, रागाने. बरं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी वाटलं.

६ मे

नकाशा स्वयंपाकघराच्या टेबलावर. आजवर हे काम हाल्डोरचं. मी शेजारी बसून संत्री सोलायचे.

खरं लिहायचं तर बाल्डुरचं चुकत नाही. त्याने टाकी भरली, की निघाला. मला आधी सगळं ठरवायला हवं. गाडी एका चार्जमध्ये चारशे किलोमीटर जाते म्हणतात. कंपनीच्या कागदावर. आपल्याकडे पश्चिमेला निघालं की वारा समोरून, सपाट माळावर अडवायला एक झाड नाही. त्यात हीटर. तीनशे धरावेत. वेग नव्वदच्या वर नको. मागचे ट्रक भोंगे वाजवतील. वाजवू देत.

सास्काटूनपर्यंत चिंता नाही, मोठे चार्जर आहेत. त्यापुढे अल्बर्टा प्रांतापर्यंतचा मोकळा पट्टा — तिथे चार्जर नाही, तिथेच अडतंय. सीमेच्या अलीकडच्या गावात मोटेल आहे. तिथे रात्रभर गाडी लावली, तर सकाळी निघता येईल.

मोटेल आहे म्हणजे प्लग असणारच. इथे कुठल्या पार्किंगमध्ये नसतो? प्रत्येक गाडीपुढे खांब, खांबावर प्लग, इंजिन गारठू नये म्हणून. हळू का होईना, रात्रभरात साठेक किलोमीटरची वीज मिळते. तेवढी पुरते.

हिशेब तीनदा केला. जमतंय.

९ मे

बाल्डुरचा फोन. त्याने सगळ्यांना सांगून ठेवलंय की मी त्याच्याबरोबर येतेय. मार्करव्हिलच्या पाद्रीबाईंनाही. मी त्यांना स्वतः फोन करून सांगितलं, नाही. त्या म्हणाल्या, शनिवारी अकराला सुरुवात, बाकी तुमचं तुम्ही बघा. आवडल्या मला.

अकराला पोचले नाही तर बाल्डुर जन्मभर बोलेल. माझ्याबद्दल नाही, हाल्डोरबद्दल. हेच मला नकोय. जाताजाता तरी त्याला कुणी हसू नये.

१३ मे

विनार्तेर्ता केली, आमचा सात थरांचा केक. आतले प्रुन्स, सुके आलुबुखार, जरा जास्त शिजले. तीन डब्यांत भरली. पेटी मागच्या सीटखाली, त्याच्या तपकिरी स्वेटरात गुंडाळून. घसरणार नाही.

उद्या निघायचं.

१४ मे, यॉर्कटन

वारा समोरून. गाडीने सांगितलं त्याहून पाऊण चार्ज जास्त खाल्ला. हीटर बंद, पायांवर घोंगडी. ट्रकांनी भोंगे वाजवले. आलेच ना पण!

चार्जिंगला थांबले होते तिथे एक म्हातारा विचारत होता, किती वेळ लागतो. चाळीस मिनिटं म्हटलं. "एवढ्या वेळात माझं एक लग्न मोडलं होतं," म्हणाला. मी हसले. गाडीत परत बसल्यावर मग रडले, जरा वेळ.

१५ मे, सीमेच्या अलीकडे

हे लिहायलाच हवं.

साडेपाचला मोटेलवर पोचले. एकवीस टक्के उरली होती. खांबासमोर गाडी लावली, केबल जोडली. काहीच नाही. दुसरा खांब. तिसरा. सगळे मेलेले.

ऑफिसात फर्न म्हणून बाई, साठीच्या, टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जुलैत बर्फाचं फावडं मागतेय.

"बाई, खांब एप्रिलमध्येच बंद करतो आम्ही. मे महिन्यात इंजिन कोण गरम करतं?"

कोणीच नाही. मला माहीत होतं. मी नोकरी केली त्या दवाखान्याच्या पार्किंगचे खांब दर वसंतात बंद व्हायचे, सूचना मीच लावायचे दारावर. तीस वर्षं! आणि हिशेब तीनदा केला तेव्हा एकदाही आठवलं नाही. डोक्यात सगळा जानेवारीच बसला आहे.

चालू करा म्हटलं. फर्न म्हणाल्या, खांबांच्या स्विचबोर्डची किल्ली मालकाकडे, मालक लॉन्ग वीकेंडला तळ्यावर गेलेला, फोन उचलत नाही.

तेवढ्यात बाल्डुरचा फोन. तो चाळीस किलोमीटर मागे होता. खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही, बंद खांबांचं सांगितलं.

तो हसला नाही. ते जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "मी अर्ध्या तासात येतो. हाल्डोरला माझ्याकडे दे. तू पण बस. गाडी मागाहून बघू."

"तू पुढे हो, बाल्डुर."

"उद्या अकराला पोचायचंय, थोरा."

"मला वेळ वाचता येते. तू पुढे हो."

फोन ठेवला. मग उभीच राहिले ऑफिसात. फर्न टॉवेलांचा पुढचा ढीग घेऊन मागच्या खोलीत गेल्या, आणि तिथून ड्रायरचा आवाज आला. मोठा ड्रायर. म्हणजे मोठा प्लग! हाल्डोरच्या केबलच्या पिशवीत तसल्या प्लगला बसणारं एक अडॅप्टर होतं, कधी वापरलेलं नाही.

फर्नना विचारलं. ड्रायर रात्रभर मला द्याल का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर माझ्या गाडीकडे. गाडीत मागे कोण आहे, विचारलं. कसं कळलं, कोण जाणे. माझा नवरा, म्हटलं.

"चादरी दोरीवर घालते," त्या म्हणाल्या. "या वाऱ्याने तुमचं काहीतरी भलं करायलाच हवं."

गाडी मागच्या दारापाशी आणली. केबल खिडकीतून आत. हिरवा दिवा लागला. आम्ही दोघींनी मिळून चादरी वाळत घातल्या, त्या शिडासारख्या फुगत होत्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, एक डबा विनार्तेर्ता घेतली.

बाल्डुरचा ट्रक समोरच्या रस्त्यावरून गेला. हळू झाला. थांबला नाही. त्याबद्दल त्याचे आभार.

१६ मे, मार्करव्हिल

दहाला पोचले. बाल्डुर फाटकाशी उभा होता, काळ्या सुटात, हातात टोपी. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फ्रिज आला," एवढंच म्हणाला.

पेटी मी उचलली. कुणाला दिली नाही. खड्डा लहान होता, कडेची माती अजून थंड. पाद्रीबाई थोडंच बोलल्या. वारा पडला होता.

हाल्डोर, तुझ्याच गाडीतून आणलं तुला. कुणी हसलं नाही.

१७ मे

सकाळी कॉफीला बाल्डुरने सांगितलं. ऑक्टोबरात, मी बहिणीकडे असताना, हाल्डोर त्याच्याकडे राहून आला होता. दोन दिवस त्याचा ट्रक चालवला. तसाच मागवायचं ठरवलं होतं त्याने. "दमलो म्हणाला सारखे हिशेब करून. तुला सांगू नको म्हणाला, तू हसशील."

म्हणजे ही जिद्द त्याची नव्हतीच. माझी होती.

बाल्डुर घराकडे निघाला. मी याच गाडीतून पश्चिमेला चाललेय, समुद्रापर्यंत. डोंगर मध्ये आहेत. बघू.