फॉर्मवर नसलेला प्रश्न

३ फेब्रुवारी

सतरा रिपोर्ट मनासारखे, अठरावा वैताग! फुटबॉल टीममधल्या समाधानचं सीके अठराशे, हवं दोनशेच्या आत! स्नायूंवर अति ताण पडला की हे प्रथिन रक्तात उतरतं. आठ आठवड्यांच्या सरावाने ते किती वाढतं, हाच तर माझा प्रबंध. पण सराव अजून सुरूच व्हायचाय! फॉर्मवर त्याने स्वच्छ लिहिलंय — गेल्या तीन दिवसांत खेळ : नाही. व्यायाम : नाही.

कोच म्हणून नुमानसरांना रिपोर्ट दाखवला. भडकलेच. "दुसऱ्या टीमकडून मॅच खेळून आलाय, मॅडम. वर खोटं लिहितो!" मी मान डोलावली. आकड्यावर माझा फार विश्वास.

५ फेब्रुवारी

समाधानला टीममधून काढलं. मार्चच्या स्पर्धेत चमकेल त्याला टीम चालवणारी कंपनी कायम नोकरी देणार आहे, त्यावरच त्याची सगळी आशा. निगडीच्या मैदानाबाहेर माझ्यासाठी थांबला होता. "आईशप्पथ मॅडम, बॉलला पाय नाही लावला." आठ दिवस पूर्ण विश्रांती घे, पुन्हा रक्त तपासू, म्हणाले. केवढ्या मोठेपणाने म्हणाले मी!

८ फेब्रुवारी

रक्त घेणाऱ्या प्रभावतीताई आज समाधानबद्दल सहज बोलून गेल्या. "दंड नुसते ठणकत होते बिचाऱ्याचे. चाकणला गोडाऊनमध्ये माल चढवतो ना. दोन दिवस डबल शिफ्ट करून थेट आलावता."

मला का नाही सांगितलं त्याने?

"तुम्ही कुठं विचारलं?"

फॉर्म पुन्हा वाचला. खेळ, व्यायाम, जिम, औषधं. कामाबद्दल एक ओळ नाही! दिवसभर खोकी उचलणाऱ्याने त्याला व्यायाम का म्हणावं? आणि हे मला सुचू नये? माझे वडील, अप्पा, भोसरीच्या कारखान्यातून ओव्हरटाइम करून आले की त्यांचे पाय मीच चेपायचे. फॉर्म करताना अप्पा कुठे गेले होते?

१० फेब्रुवारी

सांगायला हवं. पण मग सगळ्यांचेच सुरुवातीचे आकडे बाद — इतर सतरा जण तरी कुठे घरी बसून असतात? प्रबंधाचं वर्ष पाण्यात जाईल. उद्या सांगते.

११ फेब्रुवारी

नाही सांगितलं. सरांबरोबर चहासुद्धा प्यायले. लाज वाटते.

१२ फेब्रुवारी

सांगितलं! एका दमात. नुमानसर म्हणाले, "सगळ्या पोरांसमोर मी त्याला खोटारडा बोललो, मॅडम." उद्या सकाळी त्याची माफी मागणार, लगेच टीममध्ये घेणार. माझे आकडे गेले तर गेले. फॉर्ममध्ये नवी ओळ टाकली — काम : कोणतं, किती तास? रडून घेतलं. किती दिवसांनी हलकं वाटतंय!

१३ फेब्रुवारी

सीके एकशे नव्वद. एकदम नॉर्मल! रिपोर्ट लावायला समाधानचा सकाळचा फॉर्म काढला. नव्या ओळीपुढे त्याच्या किरट्या अक्षरात —

काम : नाही. मॅडमनी आठ दिवस विश्रांती सांगितली. ठेकेदार सुट्टी देईना, म्हणून पाच तारखेलाच सोडलं.