सीटमागची पेटी

टेमघर, भिवंडी
रविवार, ९ जानेवारी १९९४

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तूही असशील. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे, तोंड मात्र चांगलं चालतं. मी हे पत्र शांत डोक्याने लिहायला बसलेलो नाही, ते आधीच सांगतो.

तुझं पत्र पोचलं. वर नाव आईचं. तिला अक्षर ओळखता येत नाही हे तुला ठाऊक आहे. घरात वाचणारा मी एकटा. म्हणजे मीच मोठ्याने वाचायचं, "तात्यांना सांग, अंगणातल्या माझ्या गाडीच्या सीटमागे सामानाची पेटी करून हवी आहे. जमत नसेल तर पुण्यात करून घेईन." हे मी माझ्याच तोंडाने तिला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मंग जमंल का न्हाय ते कलवा त्याला." चौदा महिने तू घरी आला नाहीस, आणि बापाशी बोलायचं तर मध्ये आई ठेवायची!

जमत नसेल म्हणे. चाळीस वर्षं मी पत्र्याच्या पेट्या केल्या. या भागात लग्न होऊन आलेल्या कितीतरी बायकांच्या साड्या माझ्या पेट्यांत आहेत, अजून एकीला पाणी लागलेलं नाही. शिकलो चौथीपर्यंत, पण माप चुकलो नाही.

तुझं ड्रॉइंग पाहिलं. सुंदर. तीन रंगांच्या पेन्सिली. पण पेटीत ठेवणार काय, ते कुठेच नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक इंच सांगत नाही, वस्तू सांगतं. गादी म्हणालं की लांबी मला कळते, तांब्यापितळेची भांडी म्हणालं की पत्र्याचं गेज कळतं. तू नुसतं लिहिलंस, रुंदी अडतीस, उंची बारा, खोली चौदा. त्यात स्टेपनी आहे, कपडे आहेत की कोंबड्या आहेत, मी काय समजू?

आणि खाली पेट्रोलची टाकी! टाकीवर पेटी आणि पेटीला टेकून तुझी पाठ. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मध्ये आस्बेस्टॉसचा पत्रा घातला. कडा तार भरून वळवल्या आहेत, झाकणाला सगळीकडून रबर आहे, बिजागरी पितळेची. चोवीस रिव्हेट मारून पेटी गाडीच्या तळाला पक्की केली आहे. उपटू म्हटलं तरी उपटणार नाही.

आता ऐक. तुझा मित्र रामदास पुढच्या रविवारी गाडी चालवत पुण्याला नेणार, असं तू लिहिलंस. त्याला पाठवू नकोस. गाडी मिळणार नाही.

कारण पेटी चौदा इंच नाही. अठरा झाली आहे.

लगेच हसू नकोस. तुझंच चुकलं असेल असं मी धरून चाललो. सीटच्या मागे टेप लावली, अठरा इंच जागा मोकळी दिसते आणि हा चौदा लिहितो! कारखान्यात सुपरवायझर, आणि टेप धरता येत नाही. चांगली चार इंच जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून मी अठरा केली. रिव्हेट मारल्यावर सीट मागे ढकलून पाहिली. हलेना. पेटीला टेकलेली. त्या सीटवर तू बसलास तर तुझे गुडघे स्टिअरिंगच्या वर येतील. रामदास तर ताडासारखा, त्याला पाय घरी ठेवून यावं लागेल.

तुझी आई जोत्यावरून बघत होती. म्हणाली, "तुमच्या पायाच्या मापानं केलीत. गाडी चालवनार कोन, तुमी?"

मी तिच्यावर ओरडलो. मग उगाच कानस घेऊन झाकण घासत बसलो. घासायचं काही राहिलं नव्हतं.

सीट पुढे का ओढलेली होती, हे तू विचारणारच. सीट सरकते ती रेल तुझी, पट्टी तुझी, तू तुझ्या पायांवर बेतून गेला होतास. तर ती मी ओढली. मी बसतो गाडीत. दिवाळीपासून बसतो. आधी सीटमध्ये उंदरांनी घर केलं का ते बघायला बसलो, खरंच. मग रोजच. पाय क्लचला पोचेनात म्हणून सीट पुढे घेतली. तुझी आई शेजारी बसते आणि विचारते, "कोनगाव गेलं का मागं?" मी म्हणतो, आत्ताच गेलं, आता कल्याण. गाडी अंगणातच असते. उतरताना आम्हाला एकमेकांना ओढून काढावं लागतं. पुरे. एवढं पुष्कळ झालं.

त्या दिवशीचं मी काढणार नव्हतो. तीन वर्षं तू जुन्या फियाटवर पत्रा ठोकत होतास, त्या दिवशी इंजिन पहिल्यांदा लागलं, सगळी आळी जमली, आणि तू दार उघडून म्हणालास, "तात्या, पहिले तुम्ही बसा." तेव्हा मी जे बोललो ते आळीने ऐकलं आहे. भंगारात बसायला मी भंगार आहे का, आणि ह्यात पाय ठेवला तर नावाचा महादू नाही. लोक हसले. तू दार लावून घेतलंस. आवाजसुद्धा केला नाहीस. तो आवाज केला असतास, दोन शब्द मला बोलला असतास, तर बरं झालं असतं. चौदा महिने गप्प बसायची ही कुठली रीत?

मला भीती वाटली होती, केसरी. गाडी जमिनीला एवढी टेकलेली, मानकोलीच्या नाक्यावर ट्रकवाल्याला दिसणारसुद्धा नाही, असं मनात आलं. ते सांगायचं सोडून भलतंच तोंडातून गेलं. अजूनही भीती वाटते. पण बसतो.

आता रिव्हेट छिनीने उडवून पेटी बाहेर काढावी लागेल, चार इंच कापावी लागेल. ते मी करीन. पण माप ड्रॉइंगवरून घेणार नाही आणि रामदासच्या पायांवर तर नाहीच. तू स्वतः सीटवर बसायचं, पाय क्लचवर ठेवायचा, मग मी मागे टेप धरीन. दुसरी रीत नाही. येताना पेटीत जे ठेवणार ते घेऊन ये. घाई करू नकोस, एस.टी.ने ये, दारात उभा राहून प्रवास करू नकोस.

हे पत्र मी तुझ्या नावाने लिहिलं आहे, आईमार्फत नाही. उत्तर माझ्या नावाने टाक. किंवा टाकू नकोस, ये.

मी काय बोललो होतो ते वर लिहिलंच आहे, आणि पाय तर ठेवून बसलो आहे. तेव्हा खाली नाव घालायचा मला अधिकार नाही.

तुझा बाप